मुंबईनंतर सिंगापूर: दुसरी क्रूझ निवडतानाचा आमचा हिशेब

पहिली क्रूझ निवडताना फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. २०२२ मध्ये मुंबईहून नियमित सुटणारी एकच बोट आमच्या डोळ्यांसमोर होती, कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’. लक्षद्वीपची फेरी बघितली, रजा जुळवली, पैसे भरले आणि ठरल्या दिवशी सामान घेऊन बंदरावर हजर झालो. मजा आली. खरा गोंधळ दुसऱ्या वेळी होतो. आता आपल्याला काय लागतं हे थोडंफार कळलेलं असतं, समोर तीन-चार कंपन्यांची गुळगुळीत चित्रं असतात, आणि प्रत्येक नातेवाइकाचा चुलतभाऊ कुठल्या ना कुठल्या बोटीवर जाऊन आलेला असतो.

२०२४ च्या दिवाळीत फराळ करता करता सासूबाईंनीच विषय काढला. “गुडघे चालतायत तोवर एकदा बाहेरच्या देशातली बोट बघू.” त्या सत्तरीच्या, शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. नवरा आणि मी काहीही खातो. जाणारे आम्ही तिघंच. हे आधीच सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय ‘तिघं’ या आकड्याभोवती फिरले.

भूमध्य समुद्र पहिल्याच संध्याकाळी बाद झाला. त्याला युरोपचा शेंगेन व्हिसा लागतो, त्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघावी लागते, शिवाय विमानभाडं. उरलं सिंगापूर. मुंबईहून साडेपाच तासांचं विमान, आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीत एका बाजूला मलाय द्वीपकल्प, दुसऱ्या बाजूला सुमात्रा असल्यामुळे पाणी बहुतेक शांत. सासूबाईंना बोट लागत नाही, पण मला लागते. त्यामुळे हा मुद्दा मी रेटून धरला.

सिंगापूरहून त्या मोसमात आमच्या कामाच्या दोन बोटी होत्या. एक रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसची ‘गेंटिंग ड्रीम’, दुसरी रॉयल कॅरिबियनची ‘अँथम ऑफ द सीज’. शिवाय ‘पुन्हा एम्प्रेसवरच जाऊ, निदान व्हिसा तरी नको’ हा तिसरा पर्याय नवऱ्याने शेवटपर्यंत जिवंत ठेवला होता. गंमत म्हणजे एम्प्रेससुद्धा मूळची रॉयल कॅरिबियनचीच. १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने ती पाण्यात उतरली होती.

मी एक एक्सेल शीट केली. पहिल्या रकान्यात भाडं टाकलं आणि दोन दिवसांत तो रकाना बिनकामाचा ठरला. एका एजंटने फोनवर सांगितलेला आकडा ऐकून आम्ही हरखलो होतो. लेखी कोटेशन मागितलं तेव्हा कळलं की तो आकडा एका केबिनमध्ये चौघं धरून काढलेला, खिडकी नसलेल्या खोलीचा, आणि त्यात बंदराचे कर नाहीत, टिप नाही, जीएसटी नाही. म्हणून मग रकाना बदलला: ‘तिघांचे, सगळं धरून, घरी परत येईपर्यंत’. एजंटला एवढंच विचारा: पोर्ट चार्जेस धरलेत का, ग्रॅच्युइटी धरली का, आणि भाडं किती जणांच्या केबिनचं आहे? ही तीन उत्तरं लेखी आल्याशिवाय दोन कंपन्यांची तुलना होतच नाही.

ग्रॅच्युइटी म्हणजे बिलात आपोआप लागणारी टिप. रॉयल कॅरिबियनची तेव्हा साध्या केबिनसाठी माणशी दिवसाला साडेअठरा डॉलर होती. चार रात्री, तीन माणसं, म्हणजे २२२ डॉलर. तेव्हाच्या दराने एकोणीस हजारांच्या आसपास रुपये झाले. ती आधीच भरता येते. आम्ही भरून टाकली, म्हणजे शेवटच्या दिवशी बिल बघून छातीत धस्स व्हायला नको.

मग तिसऱ्या बिछान्याचा प्रश्न. ज्यांना तिघांनी जायचंय त्यांनी हा भाग नीट वाचा. क्रूझचं भाडं दोघांच्या केबिनवर बेतलेलं असतं. तिसऱ्या माणसाला त्याच खोलीत सहसा कमी भाडं पडतं, पण एकट्या माणसाने वेगळी केबिन घेतली तर बहुतेक वेळा दोघांचं भाडं भरावं लागतं. म्हणजे सासूबाईंना वेगळी खोली हा पर्याय फार महाग. एकाच खोलीत राहायचं तर तिसरा बिछाना कुठला? काही केबिनमध्ये भिंतीतून वा छतातून खाली येणारी बर्थ असते, तिला पुलमन म्हणतात, आणि चढायला शिडी. काहींत सोफा उघडून बिछाना होतो. सत्तरीच्या बाईला रात्री शिडीवरून उतरवून बाथरूमला नेणं मला मान्य नव्हतं. कंपन्यांच्या डेक प्लॅनवर प्रत्येक केबिनच्या चौकोनात बारीक खुणा असतात, कुठली खूण सोफ्याची, कुठली पुलमनची हे खाली दिलेलं असतं. मी दोन संध्याकाळी ते नकाशे मोठे करकरून बघण्यात घालवल्या. एजंट लोक ‘गॅरंटी केबिन’ स्वस्तात देऊ करतात. तिचा अर्थ वर्ग पक्का, पण खोली कंपनी देईल ती. दोघांसाठी ठीक आहे, आमच्यासाठी नाही.

गर्दी किती जाणवेल हे बघायलाही एक युक्ती आहे. जहाजाचं ग्रॉस टनेज हे वजन नसतं, आतल्या बंदिस्त जागेचं माप असतं. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी जागा कळते. एम्प्रेस सुमारे ४८ हजार टनांची, प्रवासी सोळाशेच्या आसपास, म्हणजे तीस. गेंटिंग ड्रीम १,५०,६९५ टन, दोघांच्या हिशेबाने ३,३५२ प्रवासी, म्हणजे पंचेचाळीस. अँथम १,६८,६६६ टन आणि ४,१८० प्रवासी, म्हणजे चाळीस. सुट्टीच्या हंगामात तिसरे-चौथे बिछाने भरले की हा आकडा घसरतो. म्हणून सिंगापूरच्या शाळांची सुट्टी, म्हणजे जून आणि डिसेंबर, आणि चिनी नववर्ष टाळायचं ठरलं. २०२५ मध्ये ते २९ जानेवारीला होतं. फेब्रुवारीच्या मध्यावर भाडी उतरलेली दिसली.

जागेच्या मापात गेंटिंग ड्रीम पुढे होती. शाकाहाराच्या बाबतीतही. भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय ती कंपनी स्वतःहून ठळकपणे सांगते, भारतातून तिच्यावर खूप लोक जातात. घरात जैन पद्धतीचं काटेकोर जेवण असेल तर माझं मत अजूनही तिकडेच झुकेल. पण आम्हाला जमणाऱ्या तारखांना तिच्या फेऱ्या दोन-तीन रात्रींच्या दिसत होत्या, आणि अँथमची चार रात्रींची फेरी मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत दोन्ही करून एक पूर्ण दिवस समुद्रात राहणार होती. शिवाय तिच्यावर जहाजाच्या मध्यभागी, लिफ्टजवळ, सोफा-बिछान्याची बाल्कनी केबिन मोकळी होती. मध्यभाग कमी हलतो, हे बोट लागणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. शेवटी निवड झाली ती बोटीच्या नावाची नाही, एका विशिष्ट खोलीची.

नोव्हेंबरच्या मध्यावर बुकिंग केलं. चार रात्रींपर्यंतच्या फेरीला रॉयल कॅरिबियनचे पूर्ण पैसे निघण्याच्या ७५ दिवस आधी भरावे लागतात आणि त्यानंतर रद्द केलं तर कापाकापी सुरू होते. आम्ही त्या रेषेच्या अगदी जवळ होतो, त्यामुळे विचार करायला दहा-बारा दिवस, मग सगळी रक्कम.

आणि इथे एक अडचण होती. मलेशियाने भारतीयांना ३० दिवसांची व्हिसामाफी १ डिसेंबर २०२३ पासून दिली होती, पण तिची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपत होती. आमचं पेनांग फेब्रुवारीत! थायलंडचा प्रश्न नव्हता, त्यांनी जुलै २०२४ पासून ६० दिवस मोकळे केले होते. एजंट म्हणाला, “वाढवतील हो, काळजी करू नका.” पण एजंटच्या ‘काळजी करू नका’वर पैसे भरता येत नाहीत. मलेशियाचा ई-व्हिसा काढावा लागला तर किती दिवस आणि किती पैसे हे विचारून ठेवलं आणि मगच पूर्ण रक्कम भरली. डिसेंबरच्या उत्तरार्धात बातमी आली, माफी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढली. त्या दिवशी घरात शिरा झाला.

सिंगापूरचा व्हिसा मात्र लागतोच. तो आपण थेट वकिलातीत जाऊन काढत नाही, अधिकृत एजंटमार्फत अर्ज जातो. फॉर्म १४ए, पासपोर्ट, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, विमानाची तिकिटं, क्रूझचं बुकिंग, एक कव्हरिंग लेटर. सरकारी शुल्क माणशी ३० सिंगापूर डॉलर, नाकारला तरी परत मिळत नाही, वर एजंटचा मेहनताना. जानेवारीत अर्ज दिला आणि आठवडाभरात ई-व्हिसा मेलवर आला. तो उघडून पहिली गोष्ट बघायची: ‘मल्टिपल जर्नी’ लिहिलंय का. बोट सिंगापूर सोडून मलेशिया-थायलंडला जाते आणि परत येते, म्हणजे सिंगापुरात दोनदा प्रवेश होतो. एकदाच्या प्रवेशाचा व्हिसा हातात असेल तर बंदरावर अडवतील.

सासूबाईंच्या आधारवर एक नाव, पासपोर्टवर आजेसासऱ्यांच्या गावाच्या नावासकट दुसरं. क्रूझचं बुकिंग, विमान, व्हिसा, विमा, सगळीकडे पासपोर्टवरचं नाव अक्षरशः तसंच घालून घेतलं. विम्याला त्यांचा रक्तदाब आणि साखर आधीच जाहीर केली. हप्ता वाढला. पण बोटीवरच्या दवाखान्यात प्रत्येक गोष्टीचे पैसे लागतात आणि समुद्रातून रुग्ण हलवायची वेळ आली तर खर्च कुठच्या कुठे जातो, त्यामुळे तिथे काटकसर केली नाही.

ऑनलाइन चेक-इन ४५ दिवस आधी उघडतं. त्यात बंदरावर यायची वेळ निवडता येते, लवकर केलं तर दुपारी बाराची मिळते. निघायच्या आधीच्या तीन दिवसांत सिंगापूरचं अरायव्हल कार्ड आणि मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरलं. दोन्ही फुकट असतात. शोधयंत्रात वर येणाऱ्या काही साइट पैसे मागतात, त्या सरकारी नव्हेत. आणि सिंगापूरचं कार्ड दुसऱ्यांदाही भरावं लागतं, बोटीवरून परत उतरण्यासाठी. तेही तीन दिवस आधीच उघडतं, म्हणजे चार रात्रींच्या फेरीत ते प्रवास सुरू असतानाच भरायची वेळ येते. आम्ही फुकेतला किनाऱ्यावरच्या एका कॅफेच्या वायफायवर भरलं.

आम्ही एक दिवस आधी सिंगापूरला पोचलो. क्रूझच्या दिवशीच विमानाने पोचण्याचा धोका कुणीही घेऊ नये, बोट कुणासाठी थांबत नाही. लिटल इंडियात राहिलो, सेरांगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये सासूबाईंनी डोसा खाल्ला आणि परदेशाबद्दलची त्यांची निम्मी धास्ती गेली. दुसऱ्या दिवशी मरिना साउथ पिअर स्थानकापर्यंत एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, जाता आलं असतं, क्रूझ सेंटर तिथेच आहे, पण तीन बॅगा होत्या म्हणून टॅक्सी केली.

सामानाच्या तपासणीत आमच्या पुढच्या गुजराती कुटुंबाची इलेक्ट्रिक किटली बाजूला काढली गेली. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड बोटीवर चालत नाहीत, आगीच्या भीतीने. ती माणसं उपम्याची पाकिटं घेऊन आली होती, बिचारी. गरम पाणी बुफेत चोवीस तास नसलं तरी बराच वेळ मिळतं, तेवढ्यावर पाकिटं भिजतात. आमच्याकडे बंद पाकिटातले राजगिऱ्याचे लाडू, चिवडा आणि लोणचं होतं, त्याला कुणी हरकत घेतली नाही. फक्त ते बंदरावर उतरताना बरोबर न्यायचं नाही.

बोटीवर पाय ठेवल्यावर पहिलं काम मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकणं. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि त्यावर फोन आपोआप जोडला गेला तर बिल भयंकर येतं. दुसरं काम, ॲपवर सुरक्षेची चित्रफीत बघून आपल्या जमायच्या जागी जाऊन कार्ड स्कॅन करणं. ते झाल्याशिवाय बोट सुटत नाही. तिसरं, मुख्य डायनिंग हॉलच्या हेड वेटरला पहिल्याच रात्री गाठणं. सासूबाईंच्या शाकाहाराचं मेलवर आधी कळवलं होतंच, पण माणसाला तोंडाने सांगितलं की काम होतं. तो रोज जेवण संपताना दुसऱ्या दिवशीचं विचारून जायचा. वरच्या मजल्यावरच्या विंडजॅमर बुफेत भारतीय पदार्थांचा कोपरा होता, दाल-भात-भाजी तिथे मिळायची. सासूबाईंनी चार दिवसांत पास्तासुद्धा खाल्ला, पण लोणच्याबरोबर.

पेनांगला बोट थेट स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि बाहेर पडलं की जॉर्ज टाउन पायाखाली. बोटीची सहल घ्यायची गरजच नाही. तिथून चालत लिटल इंडिया, क्वीन स्ट्रीटवरचं श्रीमहामारिअम्मन देऊळ, १८३३ सालचं. पुढे चिनी वस्तीचे लाकडी धक्के. पाय दुखायला लागले तर शहरात फुकट बस फिरते. तुलना करताना हा रकाना मी उशिरा घातला होता, पण ज्येष्ठ बरोबर असतील तर तो वर हवा: बोट धक्क्याला लागते का, आणि धक्का गावात आहे का. क्वालालंपूरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या फेऱ्या पोर्ट क्लांगला लागतात. तिथून शहर तासाभराच्या वर लांब आहे.

फुकेतला बोट पातोंगच्या उपसागरात नांगर टाकते आणि छोट्या टेंडर बोटीतून किनाऱ्यावर जावं लागतं. मी याची सगळ्यात जास्त धास्ती घेतली होती. हलत्या बोटीतून हलत्या बोटीत, गुडघ्यांसकट! सासूबाई हसायला लागल्या. लहानपणी त्या देवगडहून मुंबईला बोटीने यायच्या, तेव्हा आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यापासून तिच्यापर्यंत पडावातून जायचं. “तिथे हात धरायला गोरा खलाशी नव्हता गो, पडावात ढकलायचे,” म्हणाल्या आणि माझ्या आधी उतरल्या. एक सूचना: टेंडरची पहिली तासभराची गर्दी जाऊ द्या. आणि थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे, फोन ते आपोआप दाखवतो. परतायची वेळ बोटीच्या घड्याळाने असते, म्हणून साधं मनगटी घड्याळ लावून जा.

याच फेरीत संकष्टी आली. उपवासाची चिंता नव्हती, फळं, दही, उकडलेले बटाटे बुफेत होते आणि राजगिऱ्याचे लाडू खोलीत. प्रश्न चंद्रोदयाचा. कॅलेंडरवरची मुंबईची वेळ इथे काय कामाची? मी ॲप वगैरे शोधायला लागले, पण सासूबाई शाल घेऊन सरळ वरच्या डेकवर जाऊन बसल्या. क्षितिज मोकळं, इमारत नाही, झाड नाही. दहा वाजून गेल्यावर चंद्र दिसला, त्यांनी हात जोडले आणि मग बुफे बंद व्हायच्या आत जेवायला पळालो. बुफे रात्री किती वाजता बंद होतो हे दुपारीच बघून ठेवलं होतं, नाहीतर लाडवांवरच भागवावं लागलं असतं.

नवऱ्याला ‘नॉर्थ स्टार’ नावाची समुद्रावर उंच नेणारी काचेची कुपी आवडली. दारूचं पॅकेज आम्ही घेतलं नाही. एका खोलीतल्या एका प्रौढाने ते घेतलं तर बाकीच्या प्रौढांनाही घ्यावं लागतं, आणि सासूबाईंच्या नावावर ते पॅकेज घ्यायची कल्पना कुणालाच झेपली नसती. पाणी, चहा, कॉफी फुकट असतं.

शेवटच्या रात्री खोलीच्या हिशेबाचा ताळा ॲपवरच करून घ्या, सकाळी गेस्ट सर्व्हिसेसला मोठी रांग असते. बोटीवरचा व्यवहार अमेरिकी डॉलरमध्ये होता. आम्ही क्रेडिट कार्ड नोंदवलं होतं, कारण डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर कंपनी जी रक्कम अडकवून ठेवते ती सुटायला वेळ लागतो आणि तोवर आपलेच पैसे आपल्याला वापरता येत नाहीत.

तिघांचं बोटीचं सगळं मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास गेलं, विमान एक लाखाच्या आत, शिवाय व्हिसा, विमा, सिंगापूरची राहणी. एजंटने भारतात पैसे घेताना ५ टक्के टीसीएस लावला होता. तो खर्च नाही, आगाऊ कापलेला कर आहे. ज्याचा पॅन दिला त्याच्या नावे प्राप्तिकर खात्याच्या कर-जमेच्या पत्रकात (तेव्हाचा फॉर्म २६एएस) तो दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करता येतो. आमचा मे संपेपर्यंत दिसत नव्हता. एजंटच्या ऑफिसात दोनदा फोन केले, तेव्हा जूनमध्ये चढला. ऑगस्टमध्ये नवऱ्याने रिटर्न भरलं, काही आठवड्यांनी पैसे खात्यात आले. एजंट बुकिंगच्या वेळी सहज म्हणाला होता, “कुणाचाही पॅन द्या, चालेल.” सासूबाईंचा दिला असता तर त्या रकमेसाठी त्यांचं वेगळं विवरणपत्र भरावं लागलं असतं, जे त्या एरवी भरत नाहीत. घरात जो दरवर्षी रिटर्न भरतो आणि ज्याच्या खात्यातून पैसे जाणार आहेत, त्याचाच पॅन द्या.